दोन यागी एका बूमवर, तरी झाडूच्या दांड्यावरची यागी सरस? (सर्क्युलर पोलरायझेशनबद्दल मदत हवी)

सोल्डरगंध

नमस्कार मंडळी. धागा थोडा रडगाण्याचा आहे, सांभाळून घ्या.

तीन रविवार खर्ची घालून उपग्रह ऐकायला ७० सेंमी बँडसाठी (४३५ मेगाहर्ट्झच्या आसपासची हौशी रेडिओची पट्टी) क्रॉस यागी केली. एकाच बूमवर (मधल्या दांड्यावर) सात-सात एलिमेंटच्या (काड्यांच्या) दोन यागी, जुन्या टीव्हीच्या अँटेनासारख्या, एकमेकींशी काटकोनात. दोघींना स्वतंत्र कोएक्स (अँटेनाची केबल), आणि एकीच्या वाटेत पाव तरंगलांबीचा जास्तीचा तुकडा. म्हणजे ९० अंशांचा फरक पडून सर्क्युलर पोलरायझेशन (लहरीचं विद्युत क्षेत्र एका रेषेत न हलता गोल फिरणं) मिळायला हवं. एसडब्ल्यूआर (ताकद परत न फिरता अँटेनात किती जाते याचं माप, १ म्हणजे उत्तम) १.२ आला. मनात म्हटलं, जमलं.

काल अंतराळ स्थानकाच्या रिपीटरचा (४३७.८०० मेगाहर्ट्झ) चांगला उंच पास (आकाशातून जाण्याची फेरी) होता. माझी अँटेना ट्रायपॉडवर, शेजारी मित्र झाडूच्या दांड्याला बांधलेली साधी तीन एलिमेंटची यागी हातात धरून. त्याला शेवटपर्यंत स्वच्छ आवाज. मला मध्येच असा खड्डा यायचा की स्क्वेल्च (सिग्नल मंद झाला की आवाज तोडणारं सर्किट) बंद. मित्र काही बोलला नाही, नुसता हसला. ते जास्त लागलं.

सर्क्युलर केलं की फेडिंग (सिग्नलचं असं मध्येच मंदावणं) जातं असंच सगळीकडे वाचलं होतं. मग चुकलं कुठे?

नवशिक्या७३

वाचतोय. मीही हीच बांधायच्या बेतात होतो. आता थांबतो.

बेरीज_वजाबाकी

आधी हिशेब मांडू, मग दोष शोधू.

अंतराळ स्थानकावरून येणारी लहर ढोबळमानाने लिनिअर (क्षेत्र एकाच रेषेत हलणारी) असते. लिनिअर लहर सर्क्युलर अँटेनावर घेतली की ३ डीबी (डेसिबल), म्हणजे निम्मी ताकद, जातात. कोन कुठलाही असो, जातातच. तुमच्या सात एलिमेंटना तीन एलिमेंटपेक्षा साधारण ४ डीबी गेन (एका दिशेला ताकद एकवटणं) जास्त. त्यातले ३ गेले, उरला १. तेव्हा मित्राची यागी नीट जुळलेली असताना तुमच्या बरोबरीने ऐकू आली यात नवल काही नाही.

लिनिअर ते लिनिअर मात्र कोनावर अवलंबून. कोनाच्या कोसाइनचा वर्ग घ्या: ४५ अंशांना ३ डीबी तोटा, ६० ला ६, ८० ला १५, आणि ९० ला कागदावर अनंत, प्रत्यक्षात २०-२५. म्हणजे सर्क्युलर हा विम्याचा हप्ता आहे. दर वेळी ३ डीबी भरायचे, बदल्यात २० डीबीच्या खड्ड्यात पडायचं नाही. गेन वाढवायला कुणी सर्क्युलर करत नाही.

पण तुम्ही हप्ताही भरताय आणि खड्ड्यातही पडताय. तेव्हा तुमची अँटेना सर्क्युलर झालेलीच नाही असा माझा संशय.

गच्चीवरची

+१. आणि मित्राचं गुपित सांगू का? तो पासभर मनगट फिरवत असणार. आवाज पडला की यागी थोडी पिळायची, पुन्हा येतो. हातात यागी असेल तर माणूस स्वतःच पोलरायझेशन जुळवतो, तोटा जवळपास शून्यावर येतो. ट्रायपॉडला मनगट नसतं.

सोल्डरगंध

@गच्चीवरची, हो! सारखा पिळत होता. मला वाटलं हात दुखतोय.

जुनाखोड

एसडब्ल्यूआर १.२ आला म्हणून खूश होऊ नका. एसडब्ल्यूआर फक्त सांगतो की ताकद आत गेली. ती कुठल्या रूपात बाहेर पडते ते त्याला काय ठाऊक. डमी लोडचा एसडब्ल्यूआर सगळ्यात छान असतो.

सर्क्युलर झालंय का हे बघायला फारसं काही लागत नाही. मोकळ्या मैदानात जा, खोलीत नको. दहा-पंधरा मीटरवर एक छोटा डायपोल (दोन अर्ध्यांची साधी सरळ अँटेना) लाकडी काठीवर लावून त्यात अगदी कमी ताकदीचा सिग्नल सोडा. तुमची अँटेना त्याच्याकडे रोखून रिसीव्हरला जोडा, एसडीआर (संगणकावर चालणारा रिसीव्हर) असेल तर उत्तम, थेट डीबीत वाचता येईल. मग कुणाला तरी तो डायपोल हळूहळू गोल फिरवायला सांगा: उभा, तिरका, आडवा, पलीकडे तिरका. सगळ्यात जोरदार आणि सगळ्यात मंद यांतला फरक म्हणजे तुमचा अॅक्सिअल रेशो. शून्य आला तर देव पावला. ३ डीबीच्या आत असला तर छान म्हणा. १५-२० आला तर तुमच्याकडे एक महागडी तिरकी यागी आहे.

कुठल्या कोनाला मंद होतो ते लिहून ठेवा, ते जास्त कामाचं. उभ्या किंवा आडव्याला मंद झाला तर दोघींतली एक यागी कमी ताकद घेतेय. तिरक्याला मंद झाला तर ताकद सारखी आहे, फेज चुकलीय.

नवशिक्या७३

खोलीत का नको?

जुनाखोड

भिंतीवरून परतलेली लहर मापात मिसळते. सर्क्युलरमध्ये तर आणखी घोळ, कारण एकदा परावर्तन झालं की उजवीकडे फिरणाऱ्या लहरीची डावीकडे फिरणारी होते. हीच गोष्ट जीपीएसवाले फायद्याला लावतात. उपग्रहावरून उजवी लहर सुटते, इमारतीवर एकदा आपटून येणारी बरीचशी डावी झालेली असते, आणि उजवी अँटेना तिला फारसं विचारत नाही.

सोल्डरगंध

(तीन दिवसांनी)

केली चाचणी. भाचीने डायपोल फिरवला, तिला वाटलं काहीतरी जादूचा प्रयोग आहे. उभ्याला आणि आडव्याला आकडे जवळपास सारखे. एका बाजूच्या ४५ ला सगळ्यात जोरदार, दुसऱ्या बाजूच्या ४५ ला सगळ्यात मंद. फरक ८ डीबी. म्हणजे जुनाखोड काकांच्या म्हणण्याप्रमाणे फेजच.

तुकडा तर नीट मोजून कापला होता. ४३६.५ मेगाहर्ट्झची तरंगलांबी ६८.७ सेंमी, पाव म्हणजे १७.२ सेंमी. मिलिमीटरचाही फरक नाही.

गच्चीवरची

सापडला चोर!

१७.२ ही हवेतली पाव तरंगलांबी. कोएक्सच्या आत लहर सावकाश चालते. भरीव पॉलिथिलीनच्या कोएक्सचा व्हेलॉसिटी फॅक्टर ०.६६, म्हणजे तुकडा ११.३ सेंमीचा हवा होता. मिलिमीटर बरोबर, सेंटिमीटर चुकले. :)

बेरीज_वजाबाकी

आणि आकडाही तंतोतंत बसतो. ११.३ सेंमीला ९० अंश, तर १७.२ ला सुमारे १३६. दोन्ही घटक सारख्या ताकदीचे आणि फेज १३६ अंश असेल तर अॅक्सिअल रेशो म्हणजे १३६ च्या निम्म्याचा, ६८ चा टँजंट. तो येतो २.५, डीबीत जवळपास ८. भाचीला सांगा, तिने मोजमाप चोख केलंय.

लिनिअर लहरीला ही अँटेना कशी भेटते बघा: लांब अक्षावर आली तर तोटा जेमतेम ०.७ डीबी, आखूड अक्षावर आली तर साडेआठ. त्या साडेआठमध्ये तुमचं स्क्वेल्च बंद पडत होतं.

उलट, फेज थोडी चुकली तर फार बिघडत नाही. समजा तुम्ही ११.३ च कापलं असतं, पण केबल फोमची ०.८२ वाली निघाली असती. मग फेज ७२ च्या आसपास आणि अॅक्सिअल रेशो पावणेतीन डीबी. चालून गेलं असतं, कुणाला कळलंही नसतं. निम्मे लोक अशाच अँटेना वापरत असतील, कदाचित मीसुद्धा.

जुनाखोड

केबलवर छापलेल्या आकड्यावरही विसंबू नका. त्याच केबलचा बरोबर १ मीटर तुकडा घ्या, एक टोक मोकळं सोडा, दुसरं नॅनोव्हीएनएला (अँटेना-केबल तपासायच्या छोट्या यंत्राला) लावा. सगळ्यात खालची कुठली फ्रीक्वेन्सी शॉर्टसारखी दिसते ते बघा. ४९.५ मेगाहर्ट्झच्या आसपास दिसली तर ०.६६, ६१-६२ ला दिसली तर ०.८२ चा फोम. पाच मिनिटांचं काम.

दुसरं, जास्तीचा तुकडा वेगळा कापून कनेक्टरने मध्ये जोडू नका. ४३५ वर कोएक्समधला १ सेंमी म्हणजे ८ अंश, उघडी ठेवलेली १ सेंमी शेपटीसुद्धा ५ अंश खाते. एक हात हव्या त्या लांबीचा करा, दुसरा त्याहून ११.३ ने लांब. दोन्हीकडे कनेक्टर तेच, शेपट्या तेवढ्याच. मग चुका दोन्हीकडे सारख्या होतात आणि एकमेकींत कटतात.

निशाचर

मी फेजिंग केबलच्या भानगडीतच पडत नाही. एक यागी बूमवर दुसरीच्या पाव तरंगलांबी पुढे सरकवायची, दोन्हींना सारख्याच लांबीचे कोएक्स. ९० अंश हवेतच मिळतात, आणि इथे खरोखर १७.२ सेंमीच लागतात. सोल्डरगंधांनी तेवढं करून तुकडा काढून टाकला असता तरी चाललं असतं.

सोल्डरगंध

@निशाचर, बूमला भोकं पाडून झालीत हो. पुढच्या वेळी.

नवीन हात कापले. फरक आता २ डीबीच्या आत. आणि कालच्या पासला खड्डा नाही! आवाज मित्रापेक्षा जोरदार नव्हता, पण एकदाही तुटला नाही आणि मी खुर्चीत बसून होतो. मित्राचं मनगट दुखत होतं.

धागा इथे संपवायला हरकत नाही. उजवं सर्क्युलर तयार!

जुनाखोड

उजवं कशावरून?

सोल्डरगंध

म्हणजे... चित्रात उजवं लिहिलं होतं.

नवशिक्या७३

हे मलाही विचारायचं होतं. समोरासमोर दोन उजव्या अँटेना ठेवल्या तर एकीला दुसरी उलटीच दिसणार ना? मग एक डावी नको का?

गच्चीवरची

नको. उजव्या आट्यांचा स्क्रू घ्या. टोकाकडून बघा, डोक्याकडून बघा, आटे उजवेच दिसतात. नटही त्याला उजवाच लागतो आणि कुठल्याही बाजूने चढतो. लहरीचंही तसंच, उजवी सोडली तर उजवीनेच घ्यायची.

जुनाखोड

उजवं म्हणजे काय यावरच मोठमोठे लोक आपटलेत, त्यामुळे सोल्डरगंधांनी वाईट वाटून घेऊ नये.

आपण रेडिओवाले लहरीच्या मागे उभे राहतो. ती आपल्यापासून दूर जातेय आणि तिचं विद्युत क्षेत्र घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतंय, तर ती उजवी. आयट्रिपलई या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेची व्याख्या हीच. प्रकाशशास्त्राच्या जुन्या पुस्तकांत माणूस समोर उभा असतो, लहर त्याच्या डोळ्यांत येते. तिथे हीच लहर डावी.

जुलै १९६२ मध्ये टेलस्टार उपग्रहावरून अटलांटिकपलीकडे पहिल्यांदा दूरदर्शनचं थेट चित्र आलं, तेव्हा फ्रान्समधल्या प्ल्यूमर-बोदूला ते छान दिसलं आणि ब्रिटनमधल्या गूनहिलीला जेमतेम भुतासारखं. कारण काय निघालं? व्याख्येतल्या याच संदिग्धतेमुळे गूनहिलीच्या फीडचं (डिशच्या समोर बसवलेल्या छोट्या अँटेनाचं) पोलरायझेशन उलट्या हाताचं बसवलं गेलं होतं. एवढी अवाढव्य डिश, आणि घोटाळा डाव्या-उजव्याचा. नंतर फीड दुरुस्त केल्यावर त्यांनाही चित्र मिळालं.

निशाचर

माझाही गूनहिली झालाय. क्यूओ-१०० या हौशी रेडिओच्या भूस्थिर उपग्रहाचा अपलिंक (त्याच्याकडे जाणारा सिग्नल) २४०० मेगाहर्ट्झवर, उजवा सर्क्युलर. मी डिशच्या फीडला मस्त उजव्या आट्यांची हेलिक्स (स्प्रिंगसारखी वेटोळी अँटेना) गुंडाळली. दोन शनिवार-रविवार स्वतःचाच सिग्नल शोधत बसलो. पॉवर अॅम्प्लिफायर गरम होतोय, डिश बरोबर २५.९ अंश पूर्वेकडे रोखलेली, डाउनलिंकवर बाकी सगळे मजेत बोलताहेत आणि मी नाही. वरच्या कुणाच्या तरी प्रतिसादात आहेच उत्तर: एकदा आपटली की उजवीची डावी. डिश म्हणजे आरसाच. फीड डावा हवा, मग डिशवरून उजवी सुटते. आटे उलटे गुंडाळले आणि पहिल्याच हाकेला स्वतःचा आवाज आला.

२३ सेंमी बँडवर चंद्रावर लहर आपटवून बोलणाऱ्यांची रीतही यातूनच आलीय. १२९६ मेगाहर्ट्झवर सगळे उजवी सोडतात आणि डावी ऐकतात, कारण मध्ये चंद्र नावाचा दगड आहे. त्यातही डिश असली तर फीड आणखी एकदा उलटा. हे पहिल्यांदा समजावून घेताना मी अक्षरशः दोन्ही अंगठे वर करून बसलो होतो.

अवांतर: क्यूओ-१०० ज्यावर आहे तो एसहेल-२ उडाला १५ नोव्हेंबर २०१८ ला. जुना हौशी उपग्रह एओ-७ उडाला होता १५ नोव्हेंबर १९७४ ला. हौशी उपग्रहवाल्यांनी या तारखेला सुट्टी घ्यायला हरकत नाही.

नवशिक्या७३

पण अंतराळ स्थानक लिनिअर आहे म्हणालात. मग सोल्डरगंधांचं उजवं असो की डावं, फरक काय पडतो?

बेरीज_वजाबाकी

चांगला प्रश्न. शुद्ध लिनिअर लहर म्हणजे अर्धी उजवी आणि अर्धी डावी. दोन्ही हातांनी सारखीच, ३ डीबी कमी. म्हणूनच त्यांना पासमध्ये काही जाणवलं नाही.

पण एखादी लहर खरीच सर्क्युलर असली आणि तुम्ही उलट्या हाताचे असलात, तर तोटा पुन्हा २० डीबीच्या घरात. शिवाय व्यवहारात लिनिअर उपग्रहही तिरक्या कोनातून बघितला की लंबवर्तुळाकार दिसतो, कधी एका हाताकडे झुकलेला, कधी दुसऱ्या. त्यामुळे काही लोक एका हातात अर्ध्या तरंगलांबीची केबल रिलेने आत-बाहेर करतात आणि पास चालू असतानाच उजवं-डावं बदलतात.

लहरीचा कोन मुळात का फिरतो, तर उपग्रह स्वतः गडगडतो, आपला बघण्याचा कोन बदलतो, आणि आयनोस्फिअरमध्ये फॅरडे रोटेशन होतं. हे शेवटचं फ्रीक्वेन्सीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. १४५ मेगाहर्ट्झवर (२ मीटर बँड) जितकं वळण बसतं त्याच्या नवव्या हिश्शाएवढंच ४३५ वर. २ मीटरवर ती लहर कुठल्या कोनात खाली उतरेल याची खात्री नाही, म्हणून तिथे सर्क्युलरचा हप्ता जास्त वसूल होतो.

जुनाखोड

फिरत्या डायपोलने हात कळत नाही, हे लक्षात ठेवा. अॅक्सिअल रेशो उजव्याचा आणि डाव्याचा सारखाच दिसतो. हात ओळखायला जिचा हात नजरेने दिसतो अशी अँटेना लागते, ती म्हणजे हेलिक्स. आटे उजवे तर लहर उजवी, वादच नाही.

४३६.५ साठी: परीघ एक तरंगलांबी, म्हणजे वेटोळ्याचा व्यास २२ सेंमी. दोन वेटोळ्यांत १६ सेंमी. चार वेटोळी पुरे. मागे अर्धा मीटर बाजूची जाळी किंवा पत्रा. लाकडी चौकट करा. इम्पिडन्स १४० ओमच्या आसपास येतो, पण आपल्याला फक्त तुलना करायचीय, तेव्हा जुळवत बसू नका. एक उजवी, एक डावी करा. जाड तांब्याची तार नसेल तर कुठलीही वळणारी चालेल.

ही हेलिक्स जॉन क्राउस यांनी १९४६ मध्ये शोधली, स्वतः हॅम (हौशी रेडिओवाले), कॉलसाइन डब्ल्यू८जेके. एका पाहुण्या वक्त्याने ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूबवर (मायक्रोवेव्ह सिग्नल वाढवणाऱ्या नळीवर) व्याख्यान दिलं, त्यात अशीच वेटोळी तार होती. क्राउसनी विचारलं, हिची अँटेना होईल का? वक्ता म्हणाला, करून बघितलंय, होत नाही. क्राउसनी घरी जाऊन १२ सेंमी तरंगलांबीसाठी १२ सेंमी परिघाची सात वेटोळी गुंडाळली, आणि टोकातून सर्क्युलर बीम निघाला. वक्त्याची तार बहुधा परिघाने फारच लहान असावी, हा माझा अंदाज.

गच्चीवरची

फक्त हा नियम क्यूएफएचला (पिळलेल्या तारांच्या चौकटींची अँटेना) लावू नका हं. मी १३७ मेगाहर्ट्झच्या हवामान उपग्रहांसाठी क्यूएफएच केली होती. त्यातल्या रशियन मेटिऑरचं सिग्नल उजवं, म्हणून पीळही उजवा दिला. चित्रात नुसत्या रेघा. वरून फीड केलेली क्यूएफएच उलटीकडे, म्हणजे फीडच्याच बाजूला वर फेकते, त्यामुळे उजव्या लहरीला डावा पीळ लागतो. प्लॅस्टिकच्या नळीतून सगळी तार उसवून पुन्हा ओवली तेव्हा समजलं. (अमेरिकेचे नोआ १५, १८ आणि १९ तिन्ही २०२५ मध्ये बंद झाले, नाहीतर तेही सुरेख यायचे.)

सोल्डरगंध

(पुढच्या रविवारी)

दोन हेलिक्स केल्या. लाकडी चौकटीवर तार गुंडाळताना एकदा दोन्ही उजव्याच झाल्या, ते सोडा.

माझ्या 'उजव्या' क्रॉस यागीला उजव्या हेलिक्समधून सिग्नल दिला. डाव्या हेलिक्सपेक्षा १७ डीबी कमी! म्हणजे माझी यागी चक्क डावी आहे. चित्र बरोबर, केबल बरोबर, लांबी बरोबर. तासभर डोकं खाजवलं.

जुनाखोड

आडव्या यागीच्या डायपोलला (कोएक्स जोडलेल्या एलिमेंटला) कोएक्सची मधली तार कुठल्या अर्ध्या भागाला जोडलीय? आणि जोडताना अँटेनाच्या मागे बसला होता की पुढे?

नियम असा: अँटेनाच्या मागे उभं राहून उपग्रहाकडे बघायचं. उभ्याची मधली तार वरच्या भागाला, आडव्याची उजव्या भागाला, आणि लांब केबल आडव्याला. मग क्षेत्र आधी वर जातं, पाव आवर्तनाने उजवीकडे येतं, म्हणजे घड्याळाप्रमाणे.

सोल्डरगंध

पुढे बसलो होतो. टेबलावर अँटेना माझ्याकडे तोंड करून होती, सोल्डरिंग आयर्नची वायर तिकडूनच पोचत होती. माझी उजवी म्हणजे तिची डावी.

आडव्या डायपोलच्या दोन तारा अदलाबदल केल्या, दहा मिनिटं. आता उजव्या हेलिक्सवर जोरदार, डाव्यावर १६ डीबी खाली. बूमच्या मागच्या टोकाला लाल रंगाने 'इथे उभा राहा' असं लिहून ठेवलंय.

बाकी शंका एकच. मास्ट लोखंडी आहे, उभी यागी त्याला समांतर येते.

निशाचर

पूर्ण जोडी ४५ अंशांत फिरवून इंग्रजी एक्ससारखी बसवा, आणि शेवटचा मीटरभर तरी फायबरचा पाइप घ्या. कोएक्स बूमच्या मागून काढा, एलिमेंटच्या मधून खाली सोडू नका. उभ्या एलिमेंटला समांतर लोखंड असलं की तुमचे २ डीबी पुन्हा ५ होतील.

सोल्डरगंध

करतो. सगळ्यांचे आभार, विशेषतः १३६ अंशांचे.

नवशिक्या७३

धाग्याची वाचनखूण साठवली. सगळं वाचून एक विचारू का? माझ्याकडे रोटर नाही, ट्रायपॉड नाही, मी पासला उभाच असतो. मग मी साधी यागी घेऊन मनगट फिरवू?

गच्चीवरची

हो.